दुपारी दोनची गोळी

आजारापुढे सगळी माणसं सारखी असतात. आमच्या दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य संगमरवरात कोरलेलं आहे. दवाखाना नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून. मागे मालकांचा बंगला. मध्ये एक भिंत आणि तिला एक दार. नऊ वर्षं मी त्या वाक्याखालून कामावर गेले. मग एके दिवशी मला मागच्या दारातून बंगल्यावर पाठवलं.

मालकांच्या आईची देखभाल करायची होती. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. मी पेल्यात पाणी ओतलं, गोळी काढली, पेला त्यांच्या हाताला लावला.

"कुणाची गं तू?"

मी गाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

हात मागे गेला.

"सुई टोचायची तर टोच. पाणी नगं तुझ्या हातचं. सून आली की घीन मी."

मी पेला खाली ठेवला. मग त्यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. त्याला त्यांची हरकत नव्हती. तोंडातून जाणारं माझ्या हातचं चालत नव्हतं, शिरेतून जाणारं चालत होतं. याला शास्त्राधार असेल तर आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात तो धडा गाळलेला होता.

आजार सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. ती हुकूम सोडते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी तो ऐकतात. आईसाहेबांच्या पिट्युटरीवर गाठ आली होती. ऑपरेशनने गाठ गेली, पण हुकूम सोडणारं कुणी उरलं नाही. गाठीने नजरही नेली होती. उजेड कळायचा, पेला दिसायचा नाही. शरीराला ताण सोसायला जे हार्मोन लागतं ते बाहेरून गोळीने द्यायचं. एक सकाळी, एक दुपारी दोनला. चुकली तर चक्कर येते, बीपी पडतं. चुकतच गेली तर माणूस जातो. ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी झाली तर वाट न बघता इंजेक्शन.

आईसाहेबांची सून हायस्कूलवर शिक्षिका. सकाळची गोळी देऊन त्या शाळेत जायच्या, साडेपाचला यायच्या. तोवर घरात आम्ही दोघीच. दोन वाजता मी गोळी वाटीत काढून ठेवायचे. साडेपाचपर्यंत ती वाटीतच असायची. मग माझा हात लागलेली गोळी मोरीत जायची आणि सूनबाई पाकिटातून नवी काढून द्यायच्या. तरी मी रोज दोनला काढून ठेवायचे. नियम त्यांच्याकडे होते तसे माझ्याकडेही होते.

पहिल्या आठवड्यात मी औषधांच्या तक्त्यावर खरी वेळ लिहिली. साडेपाच. सूनबाईंनी ती बघितली.

"सिस्टर, तेवढं दोनच लिहा की. सोलापूरचे डॉक्टर बघतात तो कागद. घरातलं घरात राहू द्या."

बाई वाईट नव्हत्या. माझा चहाचा कप वेगळा होता, पण चहात साखर सगळ्यांइतकीच असायची. मी दोन लिहिलं. दुसऱ्या दिवशीही दोन. पुढे हाताला सवय झाली.

सोलापूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. दोनला गोळी, तरी चारला चक्कर. त्यांनी सकाळचा डोस वाढवला. पुढच्या महिन्यात आणखी वाढवला. आईसाहेबांचा चेहरा गोल झाला, रक्तातली साखर चढली. चारची चक्कर होती तिथंच होती. हे का होतंय ते त्या घरात फक्त मला कळत होतं. मी दोन लिहीत राहिले.

मग ताप आला. डॉक्टरांनी फोनवर गोळी दुप्पट सांगितली. दोन वाजता वाटीत दोन गोळ्या. मी तीनदा म्हणाले, "आईसाहेब, अंगात ताप आहे. आज तरी घ्या."

"मेले तर मेले. बाटून न्हाय मरायची."

मी तक्त्यावर लिहिलं, दोन वाजता दोन गोळ्या दिल्या.

चारच्या आधीच उलटी झाली. मग दुसरी. अंग गार, घामाने ओलं. बीपी सत्तर. हाक मारली तर ओ नाही. इंजेक्शनची लेखी सूचना कपाटात होती आणि बाटलीही. मी शीर शोधली, औषध दिलं, सलाइन लावलं, वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलावलं. तासाभराने बीपी शंभरावर आलं. आईसाहेबांनी डोळे उघडले.

मालक आले ते दोन-तीन माणसं घेऊनच. त्यांनी तक्ता उचलला. मग वाटी.

"ह्यात काय हाय, सिस्टर?"

"गोळ्या."

"आन् हितं काय लिवलंय?"

"दिल्या म्हणून."

"कुणी लिवलं?"

"मी."

त्यांनी बरोबरच्या माणसांकडे बघितलं. "बघा. ह्यांना सीट मिळती, नोकरी मिळती. घड्याळ तेवढं बघाय येत न्हाय."

माणसं हसली. एव्हाना सूनबाई शाळेतून आल्या होत्या. खांद्याला पर्स तशीच, नजर फरशीवर. आईसाहेब जाग्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"माफीनामा लिवा. हलगर्जी झाली म्हणून. मग बघू, ठिवायचं का काढायचं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. हातात पेन होतं, ते जड वाटलं नाही, हलकंही वाटलं नाही. एवढंच दिसलं की या घरात माझ्या हातचं पाणी नको हे कुठंही कागदावर नाही. कागदावर आहे ते खोटं, आणि ते माझ्या अक्षरात आहे. त्यांची लाज मी झाकत होते आणि त्यापायी एक बाई मरता मरता राहिली.

मी लिहिलं: "दुपारची गोळी तीन महिने एकदाही दोन वाजता दिली गेली नाही. दिली असं मी खोटं लिहिलं, ही माझी चूक. रुग्ण माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. कारण, माझी जात." खाली सही. वेळ, पाच पन्नास.

कागदाचा फोटो काढून सोलापूरला पाठवला. मग कागद मालकांना दिला.

त्यांनी दोनदा वाचला. "हा माफीनामा न्हाय."

"माझी चूक लिहिली आहे त्यात," मी म्हणाले. "तुमची तुम्ही लिहा."

या वेळी कुणी हसलं नाही.

सोलापूरहून डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "सिस्टर, मग मी इतके दिवस कशावर औषध वाढवत होतो?" उत्तर कागदावर होतं. त्यांनी डोस उतरवायला सुरुवात केली.

मला कामावरून काढलं नाही. नर्सा मिळत नाहीत. परत वॉर्डात पाठवलं. आता कुणी माझ्या हातून गोळी घेतली नाही तर कारणाच्या रकान्यात मी कारण लिहिते. जात असेल तर जात लिहिते, पूर्ण अक्षरात, वेळ टाकून, सही करून. घरातलं घरात राहू द्या म्हणणारे अजून येतात. मी त्यांच्या समोरच लिहिते.

बंगल्यावर येरमाळ्याकडच्या एक बाई ठेवल्या आहेत. आडनाव आधी फोनवर विचारून घेतलं. त्यांच्या हातचं पाणी चालतं. इंजेक्शन त्यांना देता येत नाही.