जेवण स्थिर धरून

केशवापुरातल्या अंबूताई ‘धरा’ म्हणायच्या ते नळाखाली बादली धरायला सांगितल्यासारखं. “एक्स हलवा. वाय धरा. गच्च. सुटला तर गणित गेलं, हौदल्ल? हो ना?” शिकवणीला येणारी इंजिनिअरिंगची पोरं जिन्यात एकमेकांना हेच ऐकवून पोट धरून हसायची.

घरातही ताईंची तीच रीत. नवरा बाळाचार्य, टपाल खात्यातून निवृत्त, मधुमेहाचे पेशंट. सकाळची गोळी अर्धी की पूर्ण, ते साखर बघून ठरवा, असं डॉक्टर म्हणाले होते. ताईंनी पंधरा दिवस वही ठेवली. त्याच दोन भाकरी, तीच आमटी, तेवढंच चालणं. बदलायची ती फक्त गोळी. अर्धीच्या जागी पूर्ण दिली की साखर वीसने जास्त उतरते, असं निघालं. मग डॉक्टरांना आणखी काय विचारायचं?

“अगं, आज एकादशी,” बाळाचार्य सकाळी म्हणाले. “गोळीपुरतं पाणी घेईन. बाकी काही नाही.”

मशीनने एकशे पन्नास दाखवले. वीसच तर जास्त उतरणार, म्हणून ताईंनी पूर्ण गोळी हातावर ठेवली.

अकराच्या बॅचला पार्शल डेरिव्हेटिव्ह होतं. ताईंनी फळ्यावर टेकडी काढली. आतल्या खोलीत आचार्यांचं स्तोत्र चाललं होतं.

“पूर्वेला एक पाऊल. उत्तर-दक्षिण अजिबात हलायचं नाही. किती उतरलात? तेच तुमचं डेरिव्हेटिव्ह.”

“ताई,” दीपश्रीने विचारलं, “उत्तरेला दुसरीकडे उभं राहून तेच पाऊल टाकलं तर? तेवढंच उतरू?”

“तेवढंच कसं, ग? नृपतुंग बेट्टाच्या टेकडीवर पायऱ्यांशी टाकलंस तर वीतभर उतरशील. कड्याशी टाकलंस तर...”

“थेट उणकल तळ्यात,” संतोष म्हणाला. बॅच हसली.

ताईंचा खडू फळ्यावरच राहिला. वीसचा आकडा दोन भाकऱ्यांच्या जागेवरचा होता. जेवणच नाही, त्या जागी त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

“आचार्यांची कॅसेट अडकली वाटतं,” संतोष कुजबुजला. आतून एकच ओळ येत होती, पुन्हा पुन्हा, दर खेपेला अधिक जड जिभेने.

मग तीही थांबली.

बाळाचार्य भिंतीला टेकून बसले होते. उपरणं घामाने चिंब. ताईंनी बोट टोचलं. बेचाळीस.

“दीपश्री, अँब्युलन्सला फोन लाव. संतोष, साखरेचा डबा आण.”

डबा पुढे आला तसे आचार्यांनी ओठ घट्ट मिटले. “उद्या,” ते दातांमधून म्हणाले. “द्वादशीला.”

“अहो, तोंड उघडा.”

त्यांनी मान हलवली. ताईंनी ओल्या बोटावर साखर घेतली, जबडा दाबला आणि गालाच्या आत चोळली. चाळीस वर्षांत न मोडलेली एकादशी त्यांच्या बोटाखाली मोडली.

आचार्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. अगदी नम्रपणे, टपालाच्या खिडकीतून विचारावं तसं विचारलं, “बाई, आपण कोण?”

ताईंनी पुन्हा डब्यात बोट बुडवलं.