तिजेला नेलेल्या लेकी

नागपूरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवीत असे आणि देशादेशांतल्या भांडणांवर प्रबंध लिहीत असे. गावी हे समजावून सांगायची सोय नव्हती. शेजारचे काका म्हणत, "भांडणं पाहाचा पगार भेटते? मंग आमाले काऊन नाई भेटत?"

तोफा आणि सैन्य यांवर माझा फारसा विश्वास नव्हता. ती दाखवायलाच असतात. मी वकिलातींकडे बघायचो. तिथली बायकापोरं मायदेशी परतू लागली, की समजावं घोडामैदान जवळ आहे.

आमचा भाग मुंबई राज्यात येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या सुट्टीत मी आमगावला उतरून घरी आलो. पावसानं दडी मारली होती, धान पोटरीत आलेलं आणि तलावात पाणी जेमतेम. तलाव आमच्या गावचा, पण पाण्याची पाळी खालच्या गावालाही पूर्वापार मिळायची. यंदा बाबांनी आणि गावच्या जाणत्यांनी ती बंद केली होती. खालून निरोप आला होता, पाणी सोडा, नाहीतर पार फोडू. पार म्हणजे तलावाचा बांध. कोरड्या वर्षी असले निरोप येतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मग आई सहज बोलून गेली. आमच्याकडे तिजेला भाऊ येऊन बहिणीला माहेरी नेतो आणि सण झाला की परत पोचवतो. खालच्या गावच्या ज्या लेकी आमच्याकडे दिलेल्या, त्यांना त्यांचे भाऊ घेऊन गेले होते. तीज होऊन महिना लोटला, तरी एकही परतली नव्हती.

 माझी थोरली बहीण, आमची बाई, खालच्या गावात दिलेली. ती मात्र सण करून केव्हाच सासरी गेली होती.

"बाईला घेऊन येतो," मी बाबांना म्हणालो.

"नको आणू. आपण पोरगी आणली तं त्यायले समजन का आपली तयारी झाली. मंग कोणी थांबणार नाई."

नेमक्या याच पेचावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, आणि तेव्हा माझी झोप काही उडाली नव्हती. बाबांचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. तरी मी गेलो.

बहीण ओसरी सारवत होती. न्यायला आलो, म्हटल्यावर तिनं हात धुतले.

"मी नाई येत. मी इथं हाये म्हणून हे लोक थांबून राहिले."

"आणि नाही थांबले तर?"

"काई होत नाई. तू कायले भिऊन राहिला?"

असं म्हणून ती आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली. बाहेर आली ती लेकीला तेल-फणी करून, नवं झबलं घालून, एका हाताशी धरून. दुसऱ्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं.

"हिले घेऊन जा, भाऊ. पाऊस पडला का आणून देजो."

तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी पोरीला खांद्यावर घेतलं. वाट गावाच्या मधूनच होती. पिंपळाखाली गावची माणसं बसली होती. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे.

"मी मामाच्या गावी जाऊन राहिली," भाचीनं त्यांना हौसेनं सांगितलं.

मी राम राम केला. ते एकेक करून उठून चालू लागले.