बिनजाळीचा प्रेस

कारखान्याच्या मॅनेजरनं आम्हा बायकांना फसवलं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, भर दुपारी, पंखे लावून, चहा पाजून फसवलं.

पणजीहून एक बाई बोलावली होती. आमच्या मनाच्या आरोग्यासाठी म्हणे. कॅन्टीनमध्ये आम्हाला रांगेत बसवलं. बाई गोड आवाजात म्हणाली, "उजव्या हाताची पहिली दोन बोटं जोडा आणि भुवईवर हळूहळू ठोका. याला टॅपिंग म्हणतात."

माझ्या उजव्या हाताला ती दोन बोटं नव्हती. त्याच कारखान्यातल्या पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसनं ती नेली होती.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मागून सुपरवायझर ओरडला, "तिका उसनी दिया गे कोणी तरी!" मागे उभे असलेले पुरुष खदखदून हसले. बाईही हसली. मग मला म्हणाली, "डाव्या हातानं करा, ताई. काही फरक पडत नाही."

फरक पडत नाही. हे ती मला सांगत होती. पेडण्याच्या बाजारात आईच्या टोपलीमागे वाढलेली मी. पाववाल्या पोदेराचा उंडो आजचा की कालचा, ते दाबून बघितल्याशिवाय घेत नाही. कंत्राटदाराशी भांडून बायकांसाठी वेगळा संडास मीच बांधून घेतला होता.

त्या दुपारीही मी भांडायलाच आले होते. प्रेसवर एक जाळी असते. ती खाली आल्याशिवाय प्रेस पडत नाही, म्हणून हात वाचतो. माल भराभर निघावा म्हणून ती काढून ठेवली होती. माझी बोटं गेली तरी परत बसवली नाही. जाळी लागेपर्यंत कोणी प्रेसला हात लावायचा नाही, असं आम्ही बायकांनी ठरवलं होतं. चहाच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी मिळून मॅनेजरकडे जायचं होतं.

नेमकी त्याच दुपारी बाई आली.

"माझ्यामागून म्हणा," ती म्हणाली. "जरी मला राग आहे, जरी मला भीती वाटते, तरी मी स्वतःला मनापासून स्वीकारते. मी भीती सोडून देते."

आम्ही म्हटलं. भुवईवर, डोळ्याखाली, गळ्याच्या हाडावर ठोकत म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. हॉस्पिटलात न आलेलं सगळं आलं. छाती हलकी झाली. शेजारच्या बायाही रडल्या. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या.

चहाची सुट्टी संपली. मी उठले. "चला गे."

कोणी हललं नाही. माझ्या शेजारची रुक्मिणी डोळे पुसत म्हणाली, "आज नाका गे. आज कितें तरी बरें दिसता."

मलाही बरं वाटत होतं. मीही मॅनेजरकडे न जाता संध्याकाळी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस धडधडत होता. माझ्या जागेवर सविता. खानापूरकडची, नवीच लागलेली पोरगी. जाळी नव्हतीच. सविता गळ्याच्या हाडावर दोन बोटं ठोकत होती. ओठ हलत होते. "मी भीती सोडून देते. मी भीती सोडून देते." मग तीच दोन बोटं पत्रा सरकवायला प्रेसखाली गेली.

माझं डोकं फिरलं. धावत जाऊन लाल बटण दाबलं. तिचं मनगट धरलं.

"सोडू नको! घाबर! घाबरतेस म्हणून तुझा हात मागे येतो!"

ती रडायला लागली. "घाबरले तर काम उरकत नाही, अक्का. मग ते ओरडतात."

सुपरवायझर आला. "काल एवढं करून राग गेला नाही? हिला परत बाईसमोर बसवा."

"बसव," मी म्हणाले. "आधी तू या प्रेसवर बस. मी ठोकते तुझ्या कपाळावर."

या वेळी कोणी हसलं नाही.

मला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. आता मी मांद्र्याला मासे विकते. जीव घाबरा झाला की अजूनही गळ्याच्या हाडावर ठोकते. डाव्या हातानं. श्वास शांत होतो. त्या ठोकण्याशी माझं भांडण नाही. पण बाईचं वाक्य तोंडात येऊ देत नाही. राग माझा आहे. तो मी कुणाच्या चहावर देणार नाही.

सविता अजून आत आहे. जाळी अजून लागलेली नाही. मासे संपले की टोपली घेऊन मी गेटवर जाते. वॉचमन हाकलतो. मी जात नाही.

जाळी काढायला कोणी सांगितलं? आणि ती बसवण्याऐवजी आमची भीती काढायची, हे कोणाच्या डोक्यातून आलं?

मॅनेजर, बाहेर ये. हा हात बघ. आणि त्याचं नाव सांग.