चाळीस उजव्या बाह्या

मास्तरांच्या शर्टाची बटणं रोज सकाळी त्यांची बायको लावून द्यायची. कारखान्यात कोणाला याचा पत्ता नव्हता. तीस वर्षं लोकांचे कपडे बेतणाऱ्या माणसाला स्वतःचं बटण काजात घालता येत नाही, हे सांगणार तरी कोणाला? बायको कॉलरपासून सुरुवात करायची आणि मास्तर भिंतीकडे बघत उभे राहायचे. कधी ती हसून म्हणायची, "हात वर करा बघू, शाळेला उशीर होतोय." मास्तरांना हसू यायचं नाही. त्यातून मान आणि खांदा यांच्यामध्ये तिचं बोट नुसतं टेकलं तरी आतून कळ उठायची, आणि ती दिसू नये म्हणून ते दात घट्ट आवळून धरायचे.

दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी मान धरली, मग खांदे, मग कंबर, मग मांड्या. पुढे पुढे दुखत नाही अशी जागा शोधायला लागायची. आठ तास झोपून उठलं तरी रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग व्हायचं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठाकठीक निघालं. मेहुणा म्हणाला, "रिपोर्टमध्ये काही नाही? मग तुम्हाला झालंय काय, कंटाळा?" त्या दिवसापासून मास्तरांनी घरातही दुखण्याचं नाव काढणं सोडलं. हात मोडून प्लास्टर पडलं असतं तर लोकांनी दार तरी उघडून दिलं असतं. हे दुखणं कोणाला दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते सांगताना आपण खोटं बोलतोय असं त्यांचं त्यांनाच वाटायचं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी अंगावर ठिकठिकाणी दाबून पाहिलं, तासभर ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. हे मनाचे खेळ नाहीत, असंही त्या म्हणाल्या. एक गोळी दिली, सकाळी गरम पाण्याने शेकायला सांगितलं, रोज थोडं चालायला सांगितलं. दमल्यावर थांबू नका, दमायच्या आधी थांबा, हे तर दोनदा बजावलं. डोक्यात मधूनच धुकं साचल्यासारखं होईल, नावं, आकडे, चालू काम विसरायला होईल, ते याच आजाराचं आहे, घाबरू नका, असं त्या म्हणाल्या तेव्हा मास्तरांना रडूच आलं. त्यांना वाटत होतं, आपण म्हातारे व्हायच्या आधीच वेडे होतोय. पण हा आजार जास्त करून बायकांना होतो, असं बाहेरच्या बाकावर कोणीतरी बोललं, आणि मास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीची चौघडी करून ती पाकिटात अगदी आत सरकवली.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका टोकाला कापायचं टेबल, मध्ये शिलाईच्या नऊ मशिनी, दाराशी इस्त्रीवाला. दवाखान्यांचे पांढरे कोट तिथे शिवले जात. टेबलावर कापडाचे थर पसरायचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे घडीताई म्हणत. तिने ठेवलेली घडी विस्कटली असं कधी झालं नाही, आणि तिचा स्वभावही तसाच, कडक आणि नीटनेटका. ती पसरायची, मास्तर साचे मांडून वीस वीस थर एका दमात कापायचे.

तिथला नियम होता की थर तोंडाला तोंड लावून पसरायचे, म्हणजे एक सुलटा, त्यावर एक उलटा. असं केलं की एका कापण्यात उजवी बाही आणि डावी बाही आपोआप निघते. पण त्यासाठी कापडाचा अख्खा तागा दोघांनी धरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, वीस वेळा.

त्या सकाळी मास्तरांचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. पुढचे आणि पाठीचे भाग आदल्या दिवशी कापून झाले होते, फक्त बाह्या राहिल्या होत्या. तागा टेबलाच्या टोकाशी लोखंडी दांडीवर अडकवलेला होता. त्यांनी घडीताईला सांगितलं, "आज एकाच बाजूने पसर. टोक धरून ओढत ने, म्हणजे उचलायला नको. दुसरी बाही कापताना मी साचा उलटवून घेतो." तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि एकटीने वीसही थर पसरून दिले, सगळे सुलटे.

मास्तरांनी साचा ठेवला, पहिली बाही कापली. मग कापायची मशीन खाली ठेवून पाठ टेकायला म्हणून जरा भिंतीशी उभे राहिले. परत आले तेव्हा डोकं रिकामं होतं. साचा समोर होता, तो तसाच उचलून शेजारी ठेवला आणि कापला. उलटवायचा होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुपारी शिलाईच्या मशिनींवर हसणं सुरू झालं. चाळीस बाह्या, चाळीसही उजव्या. एक बाई म्हणाली, "अगं, या दवाखान्यात डावा हात कोणालाच नाही." मालक आले तेव्हा हसणं थांबलं. कोट चार दिवसांत द्यायचे होते आणि त्या जातीचं कापड संपलं होतं. मालकांनी टेबलाखालच्या चिंध्या उचलून बघितल्या. सगळ्या एका तोंडाच्या.

"थर एका बाजूने पसरलेत," ते म्हणाले. "पसरायचं काम कोणाचं?"

घडीताई शांतपणे म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं तसं पसरलं."

मालक मास्तरांकडे वळले. सगळ्यांच्या माना वळल्या. त्या एका क्षणी मास्तरांच्या डोक्यात जराही धुकं नव्हतं. आपण काय बोललो, ती कुठे उभी होती, तिने कसं बघितलं, सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. आणि ते म्हणाले, "मला नाही आठवत."

मालकांना तेवढं पुरलं. घडीताईला टेबलावरून काढून तयार कपड्यांचे दोरे कापायला बसवलं. नवशिक्यांना देतात ते काम. तिने आपली कैची घेतली आणि खिडकीखालच्या स्टुलावर जाऊन बसली.

पुढचे दोन दिवस मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. डाव्या बाह्यांसाठी धावपळ करून आणलेल्या ताग्याला आता इस्त्रीवाला हात लावायचा, त्यामुळे खांद्यांना उलट आराम होता, आणि त्या आरामाचीच त्यांना जास्त लाज वाटायची. खऱ्या विसरण्यापायी दोन वर्षं ते घाबरून होते. घरी मीठ दोनदा आणलं, भाचीचं नाव तिच्याच तोंडावर आठवलं नाही, तेव्हा मेलो असतो तर बरं असं वाटलं होतं. आणि आता तेच विसरणं त्यांनी खोटं खोटं अंगावर पांघरलं होतं. म्हणजे मेहुणा म्हणाला त्यात चूक काय होतं? सोंगच की हे. दोरे तोडणाऱ्या कैचीचा बारीक आवाज नऊ मशिनींच्या खडखडाटातूनही त्यांना ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको बटणं लावत असताना त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती मधल्या बटणाशी थांबली. मग म्हणाली, "मग आज मालकांना सांगा." बाकीची बटणं तिने रोजच्यासारखीच लावली. ती रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी ते मालकांसमोर जाऊन उभे राहिले. थर तसे पसरायला मीच सांगितलं, साचा उलटवायला मी विसरलो, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. मालकांनी ऐकलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याची चूक कशाला अंगावर घेता? तीस वर्षांत तुमच्या हातून बाही चुकली नाही."

तिथेच सुटका होती. मान डोलावून परत टेबलाशी जायचं, वर भला माणूस म्हणवून घ्यायचं. मास्तरांनी खिडकीकडे बघितलं. घडीताईची कैची थांबली होती, पण ती वर बघत नव्हती.

"मला तो तागा उचलायला सांगा," मास्तर म्हणाले.

मालकांना कळेना. मास्तर स्वतःच ताग्यापाशी गेले, वाकले, दोन्ही हात खाली घातले. तागा गुडघ्यापर्यंत आला. त्याच्या वर हात जाईनात, आणि तागा धप्पकन खाली पडला. एकेक करून मशिनी थांबल्या. मग त्या शांततेत त्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांचं दुखणं, शर्टाची बटणं, पाकिटातली चिठ्ठी. आजाराचं नाव सांगताना जीभ दोनदा अडखळली. इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "मास्तर, मला वाटलं हे औषधाचं नाव." दोन-तीन जणी हसल्या. कान तापले तरी मास्तर हलले नाहीत.

मालकांनी वाकून तागा भिंतीशी सरकवला. "दोन वर्षं," ते म्हणाले. "आणि मला कळवावंसं नाही वाटलं." मग घडीताईला उद्यापासून टेबलावर यायला सांगून ते निघून गेले. झाली गोष्ट चुकीची झाली, असं तिला ते म्हणाले नाहीत. ते म्हणायचं मास्तरांकडेच राहिलं.

मास्तर तिच्या स्टुलापाशी गेले. क्षमा मागायचे शब्द त्यांनी चालत येताना जुळवले होते, पण घडीताईने आधीच तोंड उघडलं.

"तुमचे हात वर जात नाहीत हे मला वर्षभर दिसतंय," ती म्हणाली. "म्हणूनच त्या दिवशी काही न विचारता पसरलं. तुम्ही विसरलात त्याचं मला काही नाही, मास्तर. पण तुम्हाला आठवत होतं."

मास्तरांची मान खाली गेली. "हो," ते म्हणाले.

"मग आता तोंडी काही नको. काय पसरायचं, कसं पसरायचं, ते रोज खडूने टेबलाच्या कडेला लिहायचं. खाली सही करायची. संध्याकाळी मी पुसेन."

मालकांनी मास्तरांना उंच स्टूल दिलं आणि तागा उचलायचं काम कायमचं इस्त्रीवाल्याकडे दिलं. मास्तर आता अर्धा तास कापतात आणि दमायच्या आधी उठून खोलीत दोन फेऱ्या मारतात. बायका बघतात, आता लपवायचं काही उरलेलं नाही. घडीताई पूर्वी कामात दोन शब्द बोलायची, ते बंद झालंय. सकाळी बोटं आखडलेली असतात, खडू धड धरता येत नाही, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतं. मास्तर वाकून लिहितात, "तोंडाला तोंड. वीस थर." खाली वेडीवाकडी सही करतात. घडीताई येते, ओठ हलवत ते वाचते, आणि पूर्ण वाचून झाल्याशिवाय कापडाला हात लावत नाही.