आक्काचा नवाब

आक्काच्या शेजारच्या शमीमभाभींचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलेलं होतं. "मालाताई, नवाब सकाळपासून खिडकीवर चोच आपटायलाय. आक्का दार उघडेनात..." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "त्या मेल्याला आता काय पाहिजे?" दार उघडेनात, हे मागाहून डोक्यात शिरलं आणि गॅस बंद करून मी तशीच निघाले. सिडकोतल्या माझ्या घरून रिक्षानं हर्सूलला थोरल्या बहिणीच्या घरी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी मागचं दार उघडलं होतं. आक्का भिंतीकडं तोंड करून, पांघरूण नीट अंगावर घेऊन निजलेली. झोपेतच गेली, हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी तिच्या उशाशी बसले. खिडकीच्या गजांमधून एक लांब मान आत आली होती, आणि दोन तांबूस डोळे आमच्या दोघींकडं बघत होते.

नवाब म्हणजे इमू. शहामृगासारखा दिसणारा, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी. काही वर्षांपूर्वी आपल्याकडं इमू पाळायचं वेड आलं होतं, ते आठवत असेल तुम्हाला. आमच्या भाऊजींनीही, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, गंगापूरच्या शेतात कुंपण घालून पिल्लं आणली. अंडी विकू, तेल विकू, पिसं विकू... विकलं काहीच नाही. घेणारे गायब झाले. भाऊजींनी पक्षी कसेबसे वाटून टाकले, एक मात्र कुणी नेईना. तो जीपमध्ये पोत्यात पाय बांधून हर्सूलच्या घरी आला. "आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा हाय," भाऊजी म्हणाले. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी तुळस फस्त केली आणि आक्काच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला. पोरबाळ नसलेलं घर ते. आक्कानं त्याला कोबीची पानं दिली, झालं! त्याची चाल बघून तिनं नाव ठेवलं, नवाब.

आणि थाट खरंच नवाबाचा. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर नळीनं पाणी सोडायचं, तर हा चिखलात लोळायचा आणि उठून सगळं आक्काच्या पातळावर झटकायचा. संध्याकाळी ती स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवून "या नवाबसाहेब" म्हणायची आणि हा मान डोलावत यायचा. एकदा फाटक उघडं राहिलं, तर साहेब रस्त्यावर! जेलकडच्या रस्त्याला गाड्या थांबल्या, पोरं मोबाइल काढून पळताहेत, आणि पुढं आक्का, पदर खोचलेला, हातात कोबीचा गड्डा, "धरू नका रे, लाथ मारंल!" असं ओरडत. एका हवालदारानं विचारलं, "बाई, हे शहामृग तुमचं का?" आक्का म्हणाली, "व्हय, घरचाच हाय." ही गोष्ट ती सांगायला लागली की आमची हसून हसून मुरकुंडी वळायची.

एका थंडीत नवाबाच्या गळ्यातून ढोल बडवल्यासारखा आवाज येऊ लागला आणि पाठोपाठ अंगणात अंडं सापडलं, गर्द हिरवं, कैरीएवढं मोठं. म्हणजे नवाब बाई निघाला. भाऊजी खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मी म्हटलं, आता नाव बदल. "कशाला? त्याला सवय झालीय," आक्का म्हणाली. अंडं शोकेसमध्ये गेलं, आणि नवाब तो नवाबच राहिला. भाऊजी त्याच्या पुढच्या वर्षी गेले.

आता माझी बाजू ऐका. मला हा प्राणी कधी म्हणजे कधी आवडला नाही. चकाकतं ते गिळायचं, ही त्याची खोड. मी नळावर पाय धुवायला वाकले, आणि यानं माझ्या कानातली मोत्याची कुडी, माझ्या लग्नातली, फिरकीसकट ओढून गिळली. कानाचं रक्त खांद्यावर. त्या दिवसापासून मी त्याला जी भ्याले ती भ्याले. आक्का रोज काडीनं त्याची घाण चिवडत बसली आणि शेवटी कुडी सापडल्यावर उकळत्या पाण्यात धुऊन, डबीत घालून माझ्या घरी घेऊन आली. "घे माले, नवाबानं पॉलिश करून दिलीय." मी काही ती परत कानात घातली नाही. घराला येणारा वास, शेजाऱ्यांच्या तक्रारी, "आम्ही गायी-म्हशींचे" म्हणून हात वर करणारे जनावरांचे डॉक्टर... सगळं तिनं सोसलं. लग्न नाही, बारसं नाही, तिरुपती नाही. कुठं जाऊ म्हटलं की एकच, "त्याला कुठं ठेवू?"

माझे यजमान वारल्यावर मी तिला म्हटलं, आपण दोघी एकट्या, दोन घरं कशाला? माझा फ्लॅट आहे, मुलगा पुण्याला, ये. ती आलीसुद्धा. नवाबाला शमीमभाभींच्या हवाली करून आली. काय दिवस होते ते! सकाळी दोघींनी अंगणवाडीतल्या पोरींसारखं हसतखिदळत योगासनं करायची, दुपारी पत्ते, संध्याकाळी सिडकोतल्याच कॅनॉट प्लेसला भेळ. आक्का पत्त्यांत चक्क लबाडी करायची आणि पकडली की म्हणायची, "मी मोठी हाय." मला वाटलं, आता म्हातारपण सुखात जाणार. मग भाभींचा फोन आला. नवाब फाटकापाशी उभाय, दाण्याला तोंड लावत नाही. आक्कानं चहा अर्धा टाकला आणि पिशवी भरायला घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पक्ष्यापायी सख्खी बहीण सोडायलीस तू!" ती चप्पल घालता घालता म्हणाली, "मग तू ये की तिकडं." मी म्हटलं, "त्या लाथाड्याच्या घरात? मेले तरी नाही." ती पिशवी घेऊन जिना उतरून गेली.

त्यानंतर मी रविवारी जायची, फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायची. ती नवाबाला मागं बांधून यायची, मग मी आत. एका रविवारी बघते तर फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी उंच जाळी मारलेली, मध्ये माणूस आरामात चालेल एवढी वाट. "हे काय गं, दूधवाल्यासाठी?" मी विचारलं. "हं. लोक भितात," आक्का म्हणाली. त्या संध्याकाळी नवाब ढोल वाजवत होता. आक्का बराच वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, "जोडीला हाका मारायलाय. इथं कोण उत्तर देणार? एकटा ठेवला हे चुकलंच माझं. एकटं ठेवू नये गं कुणाला." मी चहाचे कप विसळायला उठले. उशीर झाला होता, रिक्षा मिळाली नसती.

दिवसकार्य झालं आणि प्रश्न उभा राहिला, नवाबाचं काय? प्राण्यांच्या बागेनं नाही म्हटलं. दौलताबादकडचा एक गृहस्थ बघायला आला, त्यानं विचारलं, "मटण किती पडंल?" मी त्याला पाणीसुद्धा न देता घालवला. तोवर भाभी जाळीतून कणीस आत सारत होत्या आणि नवाब तोंड फिरवत होता. मी म्हटलं, "बरं झालं, आक्कानं दूधवाल्यासाठी ही वाट करून ठेवली." भाभींनी माझ्याकडं बघितलं. "दूधवाला? अहो ताई, दूध तर मागच्या दारानं येतं. ही तुमच्यासाठी केली. वेल्डरला म्हणायच्या, मजबूत कर, माझी माली राहायला येणार हाय, ती लई भिते. मी म्हटलं, आक्का, एकदा तोंडानं सांगा ना त्यांना. तर म्हणाल्या, सांगून आली तर काय आली? वाट केलीय, तिचं तिला कळंल."

मला नाही कळलं हो! दर रविवारी त्या वाटेनं आत गेले, चहा प्याले आणि त्याच वाटेनं परत आले. उन्हाचा ताप नको म्हणून तिनं वर हिरवी शेडनेटही टाकली होती. मी त्या सावलीत उभी राहून रिक्षाची वाट बघायची.

आता मी हर्सूललाच असते. मुलगा म्हणतो, आई, तुझं डोकं फिरलंय. फिरलं असेल. डबीतली कुडी मी पुन्हा कानात घातली आहे, त्यामुळे नवाबापासून चार हात लांबच राहते. संध्याकाळी जाळीच्या आत उभी राहून वाटीवर चमचा वाजवते. "या नवाबसाहेब" म्हणायला मला अजून जमत नाही. पहिले काही दिवस तो आलाच नाही. मग एकदा आला, वाटीकडं बघितलं, माझ्या पाठीमागं घराच्या दाराकडं बघत राहिला, आणि शेवटी दोन दाणे टिपले.

राहायला आले त्या दिवशी हातात कपड्यांची बॅग होती. मी फाटक लावलं आणि त्या वाटेनं चालू लागले. नवाब जाळीच्या पलीकडून माझ्या बरोबरीनं चालत पायरीपर्यंत आला. दाराला कुलूप होतं. मी आलेय, हे सांगायला आत कुणी नव्हतं.