टॉवेलखालचा नाचणारा

कॅनडाला परत जाताना आमच्या साहेबाने मला एक दगडी मूर्ती दिली. तिकडच्या इन्युइट आदिवासी कारागिराने कोरलेली. तोंडावर मुखवटा, हातात डफासारखं काहीतरी, एक पाय उचललेला, असा नाचणारा माणूस. उंची तेवीस सेंटिमीटर, वजन साडेतीन किलो. इथे परदेशात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये ती टीव्हीशेजारी ठेवली.

तेव्हा आई जव्हारकडच्या गावाहून आली होती. वडील गेल्यावर तिने आमच्याकडेच राहावं, एवढीच माझी इच्छा. तिचं रोज एकच, "परतीच्या तिकिटाचं बघ."

मूर्ती आल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं. संध्याकाळी घरी यावं, तर मूर्तीवर टॉवेल आणि रिकाम्या हॉलमध्ये पंखा जोरात चालू. मी पंखा बंद करायचो, टॉवेलची घडी घालायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"भीती वाटते का गं तिची?"

"भ्यायला काय झालं?"

"वाटतेच त्यांना," बायको म्हणाली. "मलाही वाटते."

"आज्जी, ओन्ली स्टोन लाह!" मुलगी इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली आणि हसली.

भीतीने टॉवेलचा उलगडा होत होता, पंख्याचा नाही. तरी मी मूर्ती तांजोंग पगार भागातल्या माझ्या ऑफिसात नेऊन ठेवली. घरी आलो तेव्हा आई त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली होती.

"कुठं नेलंस त्याला?"

"ऑफिसात. तुझ्यासाठीच नेला ना!"

"माझ्यासाठी? मग माझं उद्याचंच तिकीट काढ."

ती जेवली नाही. मी जवळ बसलो, तेव्हा म्हणाली, "बोहाड्यात तुझा बाप सोंग नाचवून यायचा. मुखवट्याआड घामाने नुसता निथळायचा. अंगावर पंचा कोण टाकायचं? वारा कोण घालायचं? तू झोपलेला असायचास."

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा नाच. वडील त्यात नाचायचे एवढं मला माहीत होतं. पंच्याचं माहीत नव्हतं.

"पण आई, हा दगड आहे."

"दिसतंय मला. मी काय खुळी आहे?"

दुसऱ्या दिवशी मूर्ती पिशवीत घालून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परत आणली. आईने टॉवेल टाकला, पंखा लावला.

"तिकिटाचं काय करू?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्याचं बघ."

पुढच्या महिन्यातही तिने हेच सांगितलं. तो दगड आहे हे तिला ठाऊक होतं आणि पंखाही तीच लावत होती. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून लागलेला नाही. पंखा बंद करणं तेवढं मी सोडलं.