तिसऱ्या पानावरची ताई

दवाखान्यातल्या त्या प्रोग्रामरला सगळे 'झटपट' म्हणायचे. रुग्णांच्या तक्रारी तिथे संगणकात अर्थाच्या जवळिकीनुसार साठवलेल्या असत, म्हणजे शब्द वेगळे असले तरी सारख्या तक्रारी एकत्र सापडत. एक गोळी घातक निघाली, तेव्हा तिचा त्रास झालेले सगळे रुग्ण शोधायचं काम त्याच्याकडे आलं. त्याच्या कोडने यादीच्या पहिल्या पानावरच्या शंभर नोंदी दिल्या. खाली पुढच्या पानाची खूण होती, पण त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शंभर जणांना त्याच्या सहीने इशाऱ्याची पत्रं गेली.

महिन्याभरात त्याच गोळीने त्याची ताई गेली. त्याने कोड पुन्हा चालवून पानं उलटली. तिसऱ्या पानावर ताईची तक्रार होती.

दवाखान्याचे साहेब म्हणाले, "उरलेली पत्रं आजच पाठव. एकही गाळायचं नाही."

ताईचं पत्र भाऊजींनी उघडलं आणि लगेच फोन केला.

"खाली सही तुझीच आहे ना रे?"

"हो," तो म्हणाला.